सशांच्या घरची रीत

"वहिनी, मादीला नराकडे न्यायचं. नराला तिच्या पिंजऱ्यात सोडायचं नाही."

बागलीला सशांची जोडी देताना माझ्या नणंदेनं, विनोदिनीवन्संनी, हे बजावून सांगितलं होतं. देवासला घरी येईपर्यंत मी मनात ते नेमकं उलटं करून टाकलं. आपल्यात वरात मुलीच्या दारी जाते, तेच डोक्यात.

पुढच्याच आठवड्यात वन्संकडे सशांत कुत्री शिरली. नर वाचले, माद्या सगळ्या गेल्या. पहिल्या वेतातली सगळ्यात चांगली मादी तुम्हाला, असा मी टेकडीवरच्या देवीला स्मरून शब्द दिला. उन्हाळा तोंडावर होता. उन्हाचा तडाखा बसला की नर काही कामाचा राहत नाही, मग पावसाळ्यापर्यंत वाट बघायची.

म्हणून सकाळी देवीचं दर्शन घेऊन टेकडी उतरून आले, नराला कुंकवाचं बोट लावलं आणि मादीच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिनं गुरगुरून त्याचा कानच धरला. आमचे हे म्हणाले, "नवरदेवाला मांडवातून हाकललं की हिनं."

फोनवर वन्संना हसू आवरेना. आपल्या घरात ती कुणाला खपवून घेत नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गारव्यातच सूनबाई शिखानं मादीला उचलून नराकडे नेलं. क्षणात उरकलं आणि नर धप्पकन कुशीवर पडला. मेला की काय म्हणून शिखा रडवेली झाली. पुन्हा फोन. असंच पडायचं असतं, हे कळल्यावर दोघी पोट धरून हसलो.

दिवस भरले तरी मादी अंगाची लव उपटून घरटं करीना, पहिलटकरीण होती. फूल तोडतानाही मी आधी हात जोडते. तसेच जोडले आणि तिच्या पोटाची लव हलक्या हातानं काढून गवतावर पसरली. सहज सुटून येत होती. त्या उबेत सहा पिल्लं जगली.

त्यांतली राखाडी मादी सगळ्यांत भरली. पिल्लं आईपासून वेगळी करायच्या वेळी अंशुल, माझा मुलगा, तिला मांडीवर घेऊन बसला.

"आई, आत्याला दुसरी दे ना. ये वाली अपने यहाँच राहू दे, मस्त पिल्लं देईल."

"सगळ्यात चांगली म्हटलं होतं रे मी."

तो तिचे कान कुरवाळत राहिला. मी वाढवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच देवीचं दर्शन घेऊन आले. टोपलीत मूठभर बरसीमचा हिरवा चारा घातला, राखाडीला अलगद ठेवलं, वरून ओलं फडकं बांधलं आणि घरची उठायच्या आत बागलीच्या बससाठी निघाले.