पांढऱ्या रंगाखालचे चार आकडे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या फिरत्या घराचा डावा टायर फुटला. घर एका अंगाला कललं, आतली भांडी घरंगळली आणि ते ओढणारी कार कशीबशी रस्त्याच्या कडेला थांबली. कुणालाही इजा झाली नाही.

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. या घराची स्टेपनी, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेलं जादा चाक. घर म्हणजे दोन चाकांवरची एक खोली: एक पलंग, एक ओटा, एक खिडकी. ते कारच्या मागे जोडून ओढतात. माझी जागा त्याच्या मागच्या भिंतीवर, बाहेरून. त्यामुळे आजवर मी फक्त मागे पडलेला रस्ता पाहिला. पुढे काय येतंय ते मला सगळ्यांत शेवटी कळतं.

अकरा वर्षांपूर्वी मी कारखान्यातल्या तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या कुशीवर चार आकडे उमटले होते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायरची जन्मतारीख ती. नक्षी झिजली की टायर म्हातारा झाला, हे सगळ्यांना कळतं. नक्षी न झिजताही तो म्हातारा होतो, हे फार थोड्यांना. उन्हाने रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. मी अकरा उन्हाळे त्या भिंतीवर काढले आहेत.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचे, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणतात. त्यांनी माझी हेळसांड केली, असं कुणी म्हणणार नाही. दर महिन्याला ते मला काळं पॉलिश चोळायचे. एकदा हौसेने त्यांनी माझ्यावर पांढरं कडं रंगवलं. शेजारी म्हणाले, "चाक आहे की दागिना?" मी फुशारलो. त्या कड्याखाली माझे चार आकडे गेले आणि पॉलिशखाली चिरा. हवा मात्र कुणी तपासली नाही.

तीन वर्षांपूर्वी खालचे दोन्ही टायर बदलले. टायरच्या दुकानातल्या मावशी बोलायला सडेतोड. "कारचे टायर याला चालणार नाहीत. एवढं ओझं पेलणारे, ट्रेलरसाठीच बनवलेले घ्या. आणि स्टेपनीही बदला, तिचं वय झालं असेल."

"मावशी, तिने अजून जमिनीला पाय लावलेला नाही," पेंटर हसून म्हणाले, "आणि तुम्ही तिला म्हातारी करताय."

दोनच टायर घेतले. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्या दोघांपैकीच एक आज फुटला. त्याचं वय झालं नव्हतं, पण हवा कमी आणि ओझं जास्त: बाळाचा पाळणा, गाद्या आणि उतरवायचे राहून गेलेले रंगाचे डबे. पेंटर आणि त्यांची पत्नी लेकीला आणि महिन्याच्या नातीला घरी आणायला निघाले आहेत. परतीच्या वाटेवर लांबलचक उतार आहे. तिथे मी फुटलो, तर हे घर झोके खात कारलाही खेचेल. कारच्या मागच्या सीटवर तेव्हा ती नात असेल.

पेंटरांनी जॅक लावला, मला भिंतीवरून उतरवलं, जागेवर बसवलं, पान्ह्याने आवळलं, पंपाने हवा भरली. अकरा वर्षं मी या घटकेची वाट पाहिली होती. ती आली आणि मला नको झाली.

"झालं," पेंटर हात पुसत म्हणाले. "चल. लेकीला एक वाजताची वेळ दिलीय."

त्यांच्या पत्नीने तीस वर्षं रुग्णालयात काढली. घरीदारी त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या जागच्या हलल्या नाहीत. "याची तारीख कुठे आहे?"

"टायर आहे तो. खोकल्याचं औषध नाही."

"किती वर्षांचा?"

"असेल दहाएक. पण एक किलोमीटरही पळालेला नाही."

"कपाटात पडून राहिलेलं इंजेक्शनही कुणी वापरलेलं नसतं. म्हणून मी ते टोचते का?"

"अगं, बघ तरी, कसा चकचकीत आहे."

"तुमचा हात फिरला की सगळंच चकचकीत होतं. त्याचीच भीती वाटते मला."

"आणि जुना निघाला तर? बसायचं इथे उन्हात?"

"बसू. मावशींना फोन करू, त्या नवा पाठवतील. लेक काही पळून जात नाही."

सिस्टरांनी पिशवीतून स्पिरिट आणि कापूस काढला आणि माझ्यासमोर मातीतच बसून त्या पांढरं कडं पुसू लागल्या.

मित्रांनो, मला बोलता येत असतं, तर एवढंच सांगितलं असतं: आमची चमक पाहू नका, तारीख वाचा. हवा प्रवासाआधी तपासा, फुटल्यावर नाही. आम्हाला भिंतीवर सजवून ठेवलंत, तर आम्ही सजलेलेच म्हातारे होतो.

बारा वाजून चार मिनिटं झाली आहेत. रंग पुसून पहिले दोन आकडे दिसू लागले आहेत: तीन आणि दोन. तो नुसता आठवडा. वर्षाच्या आकड्यांवर पेंटरांनी रंगाचे दोन थर दिले होते, तिथे स्पिरिट हरलं.

"टर्पेंटाइन लागेल," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "तुमच्या डब्यांत आहे."

लेकीचा फोन वाजतो आहे. पेंटर किल्ली हातात घेऊन उभे आहेत. एका बाजूला कारचं दार, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे. चाक अजून हललेलं नाही.