चार हजार नऊशे छप्पन्न

“काका, पाच हजार लिहून टाका ना. कोण चेक करणारे?” लॅबमधली तरुण सहकारी नीलांबरी म्हणाली.

देवस्थळींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. समोरच्या काचेच्या कपाटात फ्युएल सेल मंद घरघरत होता. एकीकडून हायड्रोजन, दुसरीकडून हवा. मधून वीज निघायची आणि मागच्या नळीतून थेंब थेंब पाणी. गाडीत बसवायचा तर तो पाच हजार तास टिकायला हवा. आधीचे सहा सेल वाटेतच गेले. हा सातवा मात्र चार हजार नऊशे बावन्न तास चालत आला होता आणि आजच, २००८च्या ऑक्टोबरमधल्या या शुक्रवारी, कंपनी अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली ही लॅब बंद करत होती.

सकाळी देवस्थळींनी मॅनेजरकडे फक्त शनिवार-रविवार मागितले होते. “सॉरी, उल्हास,” तो खरंच वाईट वाटून म्हणाला. “तीनला गॅस बंद.”

सात वर्षांपूर्वी, चौपन्नाव्या वर्षी, इंजिन विभागातली पक्की नोकरी सोडून ते इथे आले. तेव्हा मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला सांगायचे, “पाच वर्षांत हायड्रोजनच्या गाड्या रस्त्यावर दिसतील.” पाच वर्षं उलटली, तसे मित्र चिडवायला लागले. मग त्यांनी सांगणंच सोडलं.

“नाही गं,” ते नीलांबरीला म्हणाले. “उद्या कुणीतरी हे पुढे नेईल. आपला आकडा धरूनच तो सुरुवात करणार. त्याला खोट्यावर उभं करायचं?”

ती खाली बघत म्हणाली, “काका, मला ऑफर आलीये. बॅटरीवाल्यांकडून. कालपासून तुम्हाला सांगायचं टाळतेय.”

“अगं, मग पेढे कुठायत?” देवस्थळी हसले. “जा खुशाल. वीज तीच.”

“पण हे येईल ना कधीतरी?”

“येईल. फक्त आता मी वर्ष सांगत नाही.”

दोनच्या सुमारास त्यांची बायको मृणालिनी सामानाची खोकी न्यायला आली. एरवी बाहेरच्यांना आत सोडत नसत. आज अडवायला कुणी नव्हतं. देवस्थळींनी तिला कपाटामागे नेलं. “इथे हात धर.”

तळव्यावर एक कोमट थेंब पडला.

“एवढंच?”

“एवढंच. धूर नाही, वास नाही.”

ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. “अहो, यासाठी तुम्ही दिवाळीतसुद्धा इथे यायचात?”

“हो.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली.

सेल भंगारातच जाणार होता. एकदम बंद करायचं लाल बटण दाबलं असतं तरी चाललं असतं. पण देवस्थळींनी नेहमीसारखा भार हळूहळू उतरवला, आत नायट्रोजन सोडून उरलेला हायड्रोजन बाहेर काढला, सेल निवेपर्यंत थांबले. घरघर थांबली. मृणालिनी कोट न काढता शेजारी उभी होती.

त्यांनी वही उघडली. तास : ४९५६. पुढचा रकाना बंद पडण्याच्या कारणाचा होता. वरच्या सहा ओळींत गळती, तडा, असं काही ना काही लिहिलेलं होतं. देवस्थळींनी क्षणभर विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘बिघाड नाही. बंद केला तेव्हा सेल उत्तम चालत होता.’

खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.