श्वासाएवढी जागा

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन मोयाच्या. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात आम्ही दोघी इतकी वर्षं चादरींच्या घड्या घालतोय की पुढे कधी यायचं ते एकमेकींना सांगावं लागत नाही. रेडिओ चालू होता. मोया ठरल्याप्रमाणे पुढे आली आणि मी मात्र जागच्या जागी थांबले.

"काय गं डिम्फना, कंबर धरली का?"

"गप्प बस जरा. ही धून ऐक."

फिडल, बासरी, गिटार सगळी जोरात निघाली होती. तिसऱ्या वळणावर सगळी एकदम थांबली, एका ठोक्यापुरती, आणि पुन्हा निघाली. पुढचं सगळं मला येत होतं. मी फिडलला आयुष्यात हात लावलेला नाही. पबात वाजवणं सुरू झालं की मी आपली भिंतीकडची खुर्ची पकडते. तरी मला पुढचं सगळं येत होतं!

धून संपल्यावर त्या वाद्यवृंदातली ईमर नावाची मुलगी बोलायला लागली. "पारंपरिक आयरिश धून आहे. आमच्याच डनिगॉल परगण्यातल्या एका जुन्या टेपवर सापडली. कुणीतरी बाई तोंडानं म्हणतेय, नाव नाही दिलेलं. पण ती मधे जी जागा सोडते ना, तिथे अख्खा समुद्र आहे."

"समुद्र कसला डोंबलाचा," मी म्हणाले. "तिथे आईला दम लागायचा."

मोयाच्या हातातून चादर खाली पडली. ती पुन्हा धुवावी लागली.

आमच्या घरी फिडल नव्हतं. ज्या घरात फिडल नाही तिथे तोंड हेच वाद्य. स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावायचं, कुणीतरी बाई 'डिडल-डी-डम' सुरू करायची आणि माणसं फरशीवर नाचायची. आईला त्यासाठी दुरून बोलावणी यायची. मग तिची छाती गेली. तिसऱ्या वळणावर ती थांबायची, टेबलाला हात टेकून श्वास ओढायची. माझा धाकटा भाऊ कॉन्डी तिच्या घागऱ्याला चिकटून बसलेला असायचा. तो पाण्याचा पत्र्याचा मग पुढे करायचा.

एकदा शेजारच्या घरी एक गृहस्थ जुन्या धुना टिपून घ्यायला टेपचं यंत्र घेऊन आले. आईनं धून म्हटली, अर्थात मधे थांबून. संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा घ्या हो. आता नीट म्हणते." ते म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप झालीच नाही. पुढच्या वसंतात आई गेली. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत राहिली, "माझी चूक त्या डब्यात बसलीय."

आता ती चूक डब्यातून बाहेर आली होती आणि लोक तिला वाहवा देत होते. हसावं की रडावं ते मला कळेना. संध्याकाळी चहाला कॉन्डी आला, तेव्हा त्याला सांगितलं.

"आईचीच कशावरून?" पावाला लोणी फासत तो म्हणाला. "तेव्हा घरोघरी कुणी ना कुणी बाई गुणगुणायची. बोलाफुलाला गाठ पडली, झालं."

"अरे, तू पाणी धरायचास!"

"लहान होतो मी. मला काही आठवत नाही. आणि समजा, असली आईचीच. तू जाऊन काय सांगणार? पोरांनो, तुमचा समुद्र म्हणजे आमच्या आईचा दमा?"

"तिला ती दुरुस्त करायची होती, कॉन्डी."

"मग सांग दुरुस्त करायला."

"आणि त्यांनी खरंच केली तर?"

त्यानं माझा कप भरला. आईचं म्हणणं मोडावं, की आईचा तेवढा एक श्वास जगात उरलाय तोही पुसून टाकावा? आठवडाभर हेच घोंगडं भिजत पडलं होतं. धुतलेल्या चादरी मी परत धुवायला टाकल्या.

रविवारी प्रार्थनेनंतर रेडिओवरची ती मंडळी आमच्याच गावच्या पबात, कोपऱ्यात गावकऱ्यांबरोबर वाजवायला बसली. मोयाच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी कोट काढून कॉन्डीशेजारी बसेपर्यंत सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. ईमर उठून आली आणि माझ्या खुर्चीपाशी उकिडवी बसली. केस मुलांसारखे कापलेले, बोटांची टोकं घट्टे पडलेली. चांगली मुलगी होती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"नूला."

"नूला," ती हळूच म्हणाली. "खरं सांगा, आम्ही बरोबर वाजवतो का? चुकत असेल तर बदलू. म्हणून दाखवा ना."

कुणीतरी 'शू' केलं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं तोंड उघडलं की ग्लास खाली ठेवतात. मी टेबलावर हात ठेवला आणि सुरू केलं. आवाज फाटका निघाला, पण निघाला. माझी छाती ठणठणीत आहे, ओल्या कपड्यांच्या टोपल्या मी जिन्यानं वर नेते. न थांबता पुढे जाणं काही अवघड नव्हतं. 'आई, आता नीट म्हणते,' असं मनात म्हणतच मी तिसऱ्या वळणावर आले.

आणि थांबले. मग श्वास घेतला आणि धून पुरी केली.

"म्हणजे अशीच आहे?" ईमरनं विचारलं.

'पुन्हा घ्या हो' हे आईचे शब्द माझ्या कानात होते. "अशीच," मी म्हणाले. "बदलू नका." बरोबर केलं की आईशी बेइमानी केली, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

मग सगळ्यांनी मिळून ती वाजवायला घेतली. गावातल्या लोकांनी पायांनी ताल धरला. तिसरं वळण आलं. फिडलं थांबली, बासऱ्या थांबल्या, पायही थांबले. तेवढ्यात टेबलावर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

कॉन्डी दारू पीत नाही. त्याचा पाण्याचा ग्लास माझ्यासमोर आला होता. त्याचा हात अजून ग्लासावरच होता आणि तो दाराकडे बघत होता.