माझी त्रिज्या पस्तीस आहे हो!

मित्रांनो, परवा दुपारी मला मधोमध कापण्यात आलं. जाऊ द्या, तो विषयच नको. तसं काही झालेलंच नाही असं धरून चालू.

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. अखंड आणि धडधाकट. कारखान्यात एक सपाट पत्रा गुंडाळला, वर एक गोल चकती बसवली, खाली एक बसवली आणि मी जन्मलो. वरच्या चकतीला मुठीएवढं तोंड ठेवलं. डोळे ठेवले नाहीत, तरी मला सगळं दिसतं. कसं, ते विचारू नका.

बावीस वर्षं मी एका लाँड्रीत साबणाचं पाणी सांभाळलं. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. काकू उंचीने कमी, आवाजाने जास्त. माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, "हा आहे म्हणून माझं चाललंय." मी फुगायचो. पत्र्याला जमतं तेवढंच.

एकदा रंगारी आला. आधी सगळ्या अंगाला लाल प्रायमर, आडवं पाडून अगदी तळालासुद्धा. मग निळा रंग, फक्त गोल बाजूला. जाताना त्याने माझ्या पाठीवर लिहिलं: 'प्रायमर ३४,१०० चौ. सेंमी, निळा २६,४००.' उंची नाही, रुंदी नाही. त्याला त्यांचं काय करायचं होतं!

मग माझ्या कोपऱ्यात नवं मशीन येणार असं ठरलं. मला अंगणात न्यायचं होतं. पण मी आलो तेव्हा तिथे मोठं शटर होतं, आता ऐंशी सेंटिमीटरचं दार आहे. मावलो तर अखंड जाणार, नाही तर कापून दोन टब करणार. कापायला आलेल्या माणसाला सगळे ठिणगी म्हणतात. त्याने उंची मोजायला माझ्या तोंडातून टेप आत सोडला आणि त्याच्या हातून तो निसटला. तळाशी साबणाचा दगड झालाय, त्यात रुतून बसला.

"दोरीने मोज ना," काकू म्हणाल्या.

"दोरीवर आकडे असतात का, काकू?"

"मग दारातून ढकलून बघ."

"भरलेला ड्रम? माझी कंबर काय भाड्याची आहे? आधी हिशेब सांगा, मग हात लावतो." आणि त्याने गॅस पेटवला. निळी ज्योत सुं सुं करायला लागली. माझ्या आतलं पाणी थरथरलं.

काकूंची भाची गणितात हुशार. तिने माझ्या पाठीवरचं वाचलं. "एकूणातून बाजू वजा केली की उरतो गोल. सात हजार सातशे. भागिले पाय... त्रिज्या साडेएकोणपन्नास. म्हणजे रुंदी नव्याण्णव. नाही मावत."

मित्रांनो, माझा पत्रा गार पडला. ती तळ विसरली होती! बावीस वर्षं ज्याच्यावर उभा आहे तो माझा तळ कोणालाच दिसत नाही. मी ओरडलो. ड्रमचं ओरडणं म्हणजे 'टण्ण'.

"पत्रा तापलाय," ठिणगी म्हणाला आणि ज्योत जवळ आणली. "मधोमध कुठे येतं, ताई?"

"थांब, उंची काढते. बाजू भागिले परीघ... पंच्याऐंशी."

माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून काकू ऐकत होत्या. "पंच्याऐंशी म्हणजे माझ्या कमरेएवढा. मग माझी हनुवटी कशावर टेकलीय गं? हवेवर?"

भाचीने काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "अगं बाई, गोल दोन आहेत! वर एक, खाली एक. सात हजार सातशेचे अर्धे करायचे. तीन हजार आठशे पन्नास. त्रिज्या पस्तीस, रुंदी सत्तर, उंची एकशे वीस. मावतो, काकू! दोन्हीकडे पाच-पाच सेंटिमीटर उरतात!"

ठिणगीने ज्योत विझवली. इतकं हलकं मला रिकामा असतानाही कधी वाटलं नव्हतं.

"छान झालं," तो म्हणाला. "आता माझा टेप द्या."

भाचीने माझ्या तोंडात हात घातला. तळापर्यंत पोचला नाही.

"माझ्या बाबांचा आहे तो, काकू. टेपशिवाय मी घरी जाणार नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग हनुवटी उचलली. त्यांनी माझं पाणी नळीने बादल्यांत काढून घेतलं. भाचीने खडूने माझ्याभोवती रेघ ओढली, बरोबर साठवर. आता उंची कळली होती ना.

टेप निघाला. ठिणगीने त्याच टेपने माझे दोन्ही अर्धे मोजले. साठ आणि साठ. "अगदी बरोबर!" भाचीने टाळ्या वाजवल्या. पण हे झालेलंच नाही, असं आपलं ठरलंय.

तरी मित्रांनो, कोणाला मोजताना त्याचा तळ विसरू नका. आणि बरोबर उत्तर आलं की सुटलो, असं समजू नका.

विषय: अखंडतेबाबत.
मा. लाँड्री व्यवस्थापन यांस सविनय सादर. अर्जदाराचा वरचा अर्धा सध्या मोज्यांसाठी आत व खालचा अर्धा पोछ्यांसाठी अंगणात नेमण्यात आला आहे. तरी दोन्ही अर्धे एकाच खोलीत, एकावर एक ठेवावेत, कागदोपत्री उंची १२० सेंमी कायम धरावी, आणि काकूंनी दिवसातून एकदा हनुवटी टेकवावी, ही विनंती.