तेलाचा काटा

"काटा चढला का, लालभाई?"

तान्ह्याला खांद्यावर घेऊन जहिरा बसच्या दाराशी उभी होती. लालमहंमद मिस्त्रीने मान वर केली नाही. तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्यामागची तांब्याची नळी त्याने सैल केली, अंगठ्यावर गरम तेल उसळेपर्यंत थांबला, मगच नट आवळला.

"मिस्त्री, काटा दिसतोय की ढळढळीत! नाडी कशाला बघताय गाडीची?" ड्रायव्हर छगन खिदळला. नगरच्या मोटारतळावर या सवयीची रोजच थट्टा व्हायची.

सात महिन्यांपूर्वी छगनच्या जागी जहिराचा नवरा कमरुद्दीन बसला होता.

"लाल्या, काटा पडतोय रे."

लढाईचे दिवस. नवं तेल मिळत नव्हतं, जुनंच गाळून भरलेलं. लालमहंमदने काचेवर बोटाने टकटक केलं. काटा थरथरला, वर आला.

"तेल तापलं की पातळ व्हतं. जा तू, वाऱ्यानं निवंल."

कोल्हारच्या उतारावर इंजिन जाम झालं, चाकं अडली, गाडी फरफटत प्रवरेत गेली. उतारू वाचले. कमरुद्दीन नाही.

इंजिनाचा तेलपंप लालमहंमदनेच उघडला. तेल ओढायच्या जाळीवर हिरव्या धाग्यांचा बोळा बसला होता. जहिराने चिंध्यांसाठी दिलेल्या ओढणीतूनच त्याने तेल गाळलं होतं. बोळा त्याने मातीत पुरला. ड्रायव्हरचं काट्याकडे लक्ष नव्हतं, असं मालकाने ठरवून टाकलं, तेव्हाही तो गप्पच राहिला. बोट मात्र तेव्हापासून ऐकेना. चहाच्या पेल्यावर, ताटाच्या काठावर, निजलेल्या लेकीच्या पाठीवर टकटक, टकटक.

"माहेरी चाललेय कोल्हारला. कायमचीच," जहिरा म्हणाली. पिशवीतून तिने एक हिरवी घडी काढली. "त्या ओढणीचा राहिलेला तुकडा हाय. तुमाला तेल गाळायला व्हईल."

लालमहंमदने घडी घेतली. ती हातात जड लागली.

"एक इचारू? लोक म्हनत्यात, यांनी काटा बघितलाच न्हाई. उद्या ह्या पोरालाबी तेच सांगतील. तुमी हुता तितं. खरं सांगा."

बॉनेटवर त्याचं बोट वाजू लागलं. दुसऱ्या हाताने त्याने ते दाबून धरलं.

"बघितला हुता, भाभी. मला सांगितलंबी. मीच म्हनलो, जा."

"आन मालकाला हे सांगितलं?"

"न्हाई. आज सांगतो."

जहिराने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. छगनने भोंगा वाजवला.

"आन कापड? चालंल ना?"

"न्हाई, भाभी. धागं सुटत्यात ह्याचं."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कापडाकडे. काठाला एक धागा लोंबत होता. कापड तिने त्याच्या हातातून काढून घेतलं. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून त्याची नीट चौघडी केली, पोराच्या डोक्याखाली ठेवली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत लालमहंमदला तिची मान दिसत होती. ती छगनच्या खांद्यावरून पुढे झुकली होती, काट्याकडे बघत.