व्हिस्की जॅक शिवला

“गुरुजी, अजून किती वेळ? अकराला मीटिंग आहे माझी,” वरद मोबाइलच्या पडद्याला म्हणाला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहराच्या कडेच्या रानात, पार्किंगला लागूनच, एका ओंडक्यावर वरदच्या वडिलांच्या, पुरुषोत्तमच्या दहाव्याचा पिंड ठेवला होता. तोही मायक्रोवेव्हच्या पाकिटातल्या भाताचा. नीना पहाटे भात रांधायला उठली, तर लेकानं हातातलं पातेलंच काढून घेतलं. “एवढं एलॅबोरेट नको ना, आई.” जिनं शाळेत डिनर लेडी म्हणून जन्मभर परक्यांच्या पोरांना गरम वाढलं, तिच्या नवऱ्याला शेवटचा घास हा असला! तिला शिसारी आली होती, आणि ती नुसती भाताची नव्हती.

समोरच्या ओकवर कावळे बक्कळ होते, पण एकही खाली येईना.

“काही इच्छा राहिली असेल हो त्यांची,” पुण्याहून व्हिडिओवर गुरुजी म्हणाले. “मुलानं मोठ्यानं शब्द द्यावा.”

इच्छा कोणती, ते मायलेकांना पक्कं ठाऊक होतं. हॉस्पिटलात पुरुषोत्तमनं वरदचं मनगट धरून सांगितलं होतं, “आईला तिच्या घरातून हलवू नकोस.” वरदनं मात्र पुण्याच्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. तो त्याला सीनियर लिव्हिंग म्हणायचा.

वरदनं घसा खाकरला. जॅकेटची चेन वर घेतली, खाली घेतली. पडद्यावरची वेळ बघितली. नीना त्याच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात झुडपातून एक तपकिरी पक्षी उतरला. पंखावर निळी पट्टी, नजर चोराची. माणसांची पर्वा न करता त्यानं पिंडाचा लचका तोडला.

“शिवला! बाबांचा व्हिस्की जॅक!” वरद ओरडला.

पुरुषोत्तम तरुणपणी कॅनडाच्या उत्तरेला खाणीवर होता. तिथल्या जंगलात ‘जे’ जातीचा एक करडा पक्षी माणसांच्या ताटातलं बेधडक पळवतो. तिथले लोक त्याला लाडानं व्हिस्की जॅक म्हणतात. इथे आल्यावर त्याच्या या निळ्या पट्टीच्या भाऊबंदालाही पुरुषोत्तम त्याच नावानं हाका मारायचा, शेंगदाणे टाकायचा.

“कावळाच ना?” गुरुजींनी डोळे बारीक केले. “रंग जरा...”

“कावळाच, गुरुजी. इकडे असेच असतात. क्रो फॅमिली.” वरदनं फोन बंद केला. “झालं, आई. बाबा पण खूश. चल, ट्रॅफिक लागेल.”

बापाच्या लाडक्या नावाच्या आड हा लपला! नीनाला पोटच्या पोराची किळस आली, आणि किळस आली म्हणून रडूही आलं.

“तू हो पुढे,” ती म्हणाली.

पाकिटाच्या तळाचा भात तिनं तळहातावर वळला आणि ओंडक्यावर ठेवला.

“अहो, त्याची वाट बघू नका,” ती म्हणाली. “मी कुठेही जात नाही. घर माझं आहे. माझी मी बघीन.”

ओकवरून एक काळाभोर कावळा सरळ खाली आला आणि भाताला शिवला.

गाडीचा हॉर्न वाजला. नीनानं हात जोडले, डोळे पुसले आणि गाडीकडे न वळता सायकलींच्या लाल वाटेनं चालत घरी निघाली.