दाराला न पटलेली बोटं

रक्तपेढीत तिला सगळे ताईच म्हणत. तिच्या वडलांच्या वयाचे मोठे डॉक्टरसुद्धा. पिशवी ताईच्या हातून निघाली म्हणजे जुळणीत चूक नाही, असा वॉर्डावॉर्डांतून विश्वास होता. आणि आता नेमके ते हातच दगा देऊ लागले होते.

रक्त ठेवायच्या थंड खोलीचं दार बोटाच्या ठशावर उघडायचं. काचेवर बोट टेकवलं की हिरवा दिवा लागे आणि खटका सुटे. ताईने बोट ठेवलं की मात्र लाल. सुरुवातीला दोन-तीनदा दाबल्यावर तरी यंत्र कुरकुरत मान्य करायचं, मग तेही थांबलं. ती बोट कोटाला पुसायची, फुंकर घालायची, कुणी बघत नाही ना हे पाहून पुन्हा दाबायची. पण यंत्र कसलं ऐकतंय!

कारण तिला पक्कं ठाऊक होतं. छातीतली कॅन्सरची गाठ काढून झाली होती आणि आता गोळ्यांचा कोर्स चालू होता. त्या गोळ्यांनी तळहात लाल व्हायचे, कातडी सुटायची आणि बोटांची टोकं काचेच्या गोटीसारखी गुळगुळीत होऊन बसली होती. कामावर जायला तिच्या डॉक्टरांनी आडकाठी केली नव्हती. रक्तपेढीत मात्र तिने "पोटाचं छोटंसं ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. मोठ्या बहिणीच्या दुखण्यात तिने पाहिलं होतं, लोक माणसाला विसरतात आणि आजाराचीच विचारपूस करत बसतात. तिला ते नको होतं. तिला फक्त काम हवं होतं.

एका दुपारी शस्त्रक्रियागृहातून फोन आला. बाळंतिणीला रक्तस्राव होतोय, दोन पिशव्या ताबडतोब हव्यात. ताईच्या पाळीतला सहकारी जेवायला गेलेला. सदा धांदलीत असल्यामुळे त्याला सगळे गडबड्या म्हणत. ताईने उजवं बोट लावलं, डावं लावलं, अंगठा लावला. लाल, लाल, लाल. ती तशीच कॅन्टीनकडे धावली, तर गडबड्या हातातला घास टाकून तिच्यापुढे पळत सुटला. दार उघडलं, पिशव्या वेळेत पोचल्या, बाई वाचली. कुणी ताईला शब्दानं बोललं नाही. पण दार आपल्या बोटांमुळे अडलं, हे तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई तिच्या तळहातांना मलम चोळत होत्या.

"दाराला तुझी ओळख पटत नाही होय?" त्या म्हणाल्या. "अगं, मला पटायला दोन वर्षं लागली होती. ते तर बिचारं यंत्र."

ताईला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी यंत्राच्या कंपनीतून माणूस बोलावला. आली एक मध्यमवयीन बाई, पाठीवर भलीमोठी पिशवी, कपाळावर सरकवलेला चष्मा. ती इंजिनीअर होती. आल्या आल्या तिने स्टूल ओढलं आणि यंत्रात साठलेल्या नोंदी बघत बसली.

"थोडं सैल करून टाका की," मोठे डॉक्टर म्हणाले. "एवढं कशाला काटेकोर?"

"सैल करते," ती म्हणाली. "मग ते ताईंना ओळखेल, तुम्हाला ओळखेल आणि बाहेर रिक्षा लावून बसलेल्या माणसालाही ताई म्हणेल. चालेल?"

डॉक्टर हसत हसत आपल्या खोलीत गेले. इंजिनीअरबाईंनी ताईचा हात हातात घेतला, चष्मा नाकावर आणला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "गोळ्या चालू आहेत ना?"

ताईने आधी दाराकडे पाहिलं. "कुणाला सांगू नका हो."

"मी यंत्राची डॉक्टर. माणसांच्या फायली माझ्याकडे नसतात." त्यांनी हात हलकेच खाली ठेवला. "अशी बोटं मी आधीही पाहिली आहेत. दोष तुमचा नाही. वरच्या कातडीखाली रेषा अजून असतात, आमच्या यंत्राला तिथवर दिसत नाही, एवढंच."

आणि डॉक्टरांसमोर त्या खरं तेच बोलल्या. दिवसभर हात धुऊन आणि सॅनिटायझर लावून इथल्या अर्ध्या लोकांची बोटं झिजली आहेत. सगळेच पुन्हा पुन्हा दाबतात, पण तक्रार कोणी करत नाही. सुरुवातीला ठसे घेतले तेही घाईत, एकेकाच बोटाचे. ताईचं नाव त्यांनी वेगळं काढलंच नाही.

जाताना मात्र त्या ताईजवळ थांबल्या. "एक मागू? कातडीखाली उजेड टाकून रेषा वाचणारं नवं यंत्र आम्ही तयार करतोय. चांगल्या बोटांवर ते छान चालतं. पण चांगल्या बोटांवर काय, कुठलंही चालतं! तुमची बोटं माझ्यासाठी सगळ्यात कठीण पेपर आहेत. द्याल?"

इतके दिवस मुठीत लपवलेली बोटं कुणीतरी मागत होतं. ताई हो म्हणाली.

नवं यंत्र येईपर्यंत दाराला सगळ्यांसाठी साधी किल्लीही ठेवली गेली. मग दर आठवड्याला इंजिनीअरबाई यायच्या. सामानाच्या खोलीत दोघी बसायच्या. कधी कोरडी बोटं, कधी ओली, कधी मलम लावलेली. यंत्र चुकलं की बाई खूश व्हायच्या. "वा! चुकलं म्हणजे शिकेल." शेवटी नवं यंत्र दाराला बसलं तेव्हा प्रत्येकाच्या चार-चार बोटांचे ठसे नीट, सावकाश घेतले गेले. ठसा धूसर आला तर यंत्र तो ठेवून घेण्याआधीच नाकारायचं. आणि तरीही कुणाचं अडलंच, तर कार्ड आणि गुप्त आकडा. "कारण विचारायचं नाही" ही अट इंजिनीअरबाईंनीच घातली होती.

ताईची चारांतली तीन बोटं पहिल्याच फटक्यात पास झाली.

पुढे केव्हातरी, स्वतःला वाटलं म्हणून, तिने गडबड्याला सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो गडबडला नाही. हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाला, "ताई, पिशव्यांचे जड खोके यापुढे मी उचलणार. बाकी सगळं तुमचं तुम्हीच करा, मी मधे येणार नाही." याहून बरं कुणाला काय बोलता आलं असतं?

गोळ्या संपल्या, तपासण्या ठीक आल्या. वार्षिक देखभालीला इंजिनीअरबाई आल्या तेव्हा ताईने त्यांना कॅन्टीनमध्ये जेवायला नेलं.

"तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," ताई म्हणाली.

"उपकार? अहो, ते यंत्र आता एका वृद्धाश्रमात बसवलंय. तिथे एक आजोबा आहेत, जन्मभर विटा रचल्या, बोटावर रेष म्हणून शिल्लक नव्हती. खोलीचं दार स्वतः उघडलं तर दोनदा बंद करून पुन्हा उघडून बघितलं त्यांनी." इंजिनीअरबाईंनी भाताचं ताट पुढे ओढलं. "ते तुमच्या बोटांनी शिकवलं. तेव्हा फेडायचं कुणी कुणाचं, हा हिशोब राहू द्या. मीठ द्या इकडे."

ताईने मीठ दिलं. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसावेत असं तिला वाटलं नाही.